आईच्या उजवीकडं

लोधिवलीपासून खालापूरपर्यंत गेल्या वीस वर्षांत जेवढी लग्नं लागली, त्यातली निम्मी तरी माझ्या ओळींवर लागली. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी फुशारकी आहेच, पण खोटी नाही. भटजींची मंगलाष्टकं झाली की घरची दोन-तीन कडवी म्हणायची आमच्याकडे रीत आहे, आणि त्या कडव्यांत दोन्हीकडच्या आजोबांपासून धाकट्या आत्यापर्यंत सगळ्यांची नावं यावी लागतात. पूर्वी लोक नावांची यादी वहीच्या पानावर आणून द्यायचे, आता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. मी ती वृत्तात बसवते आणि बहुतेक वेळा माइकवर म्हणतेही मीच. माझं नाव छाया पिंगळे. तालुक्यात विचाराल तर कुणाला कळणार नाही. 'मंगलाष्टकवाल्या बाई' म्हणा, थेट घरापर्यंत आणून सोडतील.

या कामात वृत्त एखादवेळी घसरलं तर चालतं. नाव राहिलेलं चालत नाही. चौकच्या हॉलमध्ये एकदा मी नवरीच्या मामाचंच नाव विसरले. येसाजी नाव त्यांचं. अंतरपाट धरलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, मी शेवटची ओळ म्हणून माइक खाली ठेवणार, तेवढ्यात नवरीच्या मागे उभे असलेले येसाजीमामा हात वर करून म्हणाले, "थांबा. बाई, आमचं नाव ऱ्हायलं."

अशा वेळी काय करायचं हे आमच्याकडे ठरलेलं आहे. ज्यानं नाव गाळलं त्यानं नवं कडवं म्हणायचं, नाव घेऊन, आणि तोवर सगळ्यांनी उभं राहायचं. भटजी मुहूर्त टळेल म्हणून घड्याळ दाखवत होते. मी डोळे मिटले आणि सुचेल ते म्हटलं:

मामा येसजि हे उभे हरखुनी, डोळ्यांत पाणी नवे...

पुढची ओळ काय म्हटली ते आता आठवत नाही, पण 'कुर्यात् सदा मंगलम्'ला येसाजीमामांनी पहिली अक्षत टाकली आणि जेवताना स्वतः येऊन मला जिलबी वाढली. तेव्हापासून मी यादी तीनदा वाचते.

तर असं माझं लिखाण. हजारो माणसांनी उभं राहून ऐकलेलं आणि कुठंही न छापलेलं. लग्नपत्रिकेवर नवऱ्यामुलाच्या चुलत्याचं, हॉलचं, एवढंच काय आचाऱ्याचंही नाव मी पाहिलेलं आहे. माझं कधी आलं नाही.

मला छापून यायचं होतं. का, असं आमच्या ह्यांनी एकदा विचारलं. हे रसायनीला कंपनीत, शिफ्टची नोकरी, माणूस सरळ. मी म्हटलं, लग्नातलं माझं लिहिणं अक्षतांबरोबर झाडून काढतात. एक तरी कविता अशी हवी, की जी दुसऱ्या दिवशीही जागेवर असेल. ह्यांनी मान हलवली आणि डबा घेऊन निघाले.

कर्जतला 'उल्हासकाठ' नावाचा दिवाळी अंक निघतो. अप्पा म्हणून तिथले जुने वकील, त्यांनी सुरू केला. आता त्यांच्या सूनबाई चारुलता संपादक आहेत, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांना मी सात वर्षं कविता पाठवत होते. दर वर्षी जूनमध्ये पाठवायची, ऑगस्टमध्ये उत्तर यायचं. पहिली तीन वर्षं पोस्टानं 'साभार परत', नंतर मोबाइलवर 'साभार परत'. एकदा त्यांनी खाली लिहिलं होतं, 'तुमच्या कवितेला अजून मांडवाचा वास येतो.' मला राग आला. दोन दिवसांनी कविता परत वाचली, तर येत होता.

मग मी आईवर लिहिलं. वृत्त नाही, यमक नाही, काही नाही. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, मध्ये फक्त देऊळ. त्यामुळे आई गेल्यावरही मी रोज तिच्या दारावरून जायची, आणि आमच्या शेतावरूनही. ते शेत आता शेत नाही, मुंबईच्या कुणा डॉक्टरचं फार्महाऊस आहे. तिथं पोहण्याचा तलाव आहे. जिथं तलाव आहे, तिथं आई भात लावायची.

तिचं नाव चिमा. लावणीला तेव्हा मजूर लावायची ऐपत कुणाचीच नव्हती. आज आमच्या शेतात, उद्या सुंदराकाकीच्या, परवा ठमाकाकीच्या, अशा अकरा बायका एकमेकींच्या शेतांतून फिरायच्या. मी आठ-नऊ वर्षांची, बांधावरून रोपांच्या जुड्या फेकायचं काम माझं. कवितेची सुरुवात अशी होती:

बांधावरून आई उतरली, लुगडं खोचलं,
चिखलानं तिला गुडघ्यापर्यंत ओळखलं.
कुणाचा तरी आवाज पहिला उठला,
मग सगळ्या पाठी एकदम वाकल्या.

आणि शेवटी, सवयीनं म्हणा, मी सगळ्यांची नावं घातली. आईच्या डावीकडं सुंदरा, सुंदराच्या डावीकडं ठमा, मग हिरू, चांगुणा, तुळसा, बायजा, गौरू, धर्मी, भागी आणि शेवटच्या बांधाला जानकू. एकेकीला एकेक ओळ दिली. जानकूची ओळ लिहिताना मला रडू आलं, कारण ती वाकायची तेव्हा पोटुशी असायची, दर वर्षी. कवितेचं नाव ठेवलं 'डावीकडं'.

माझ्या मुलीनं, नम्रतानं, ती मोबाइलवर टाइप करून पाठवली. जुलैच्या पहिल्या आठवड्यातच चारुलताबाईंचा निरोप आला: 'कविता घेतली आहे. अभिनंदन.'

आता मी जे केलं ते कुठल्याही शहाण्या लेखकानं केलं नसतं. अंक निघायला तीन महिने होते. पण ज्यांची नावं घातली त्यांना आधी जाऊन सांगायचं, ही माझी वीस वर्षांची सवय. लग्नाआधी मी घरोघरी कडवी वाचून दाखवते, म्हणजे मांडवात भांडण नको. मी चप्पल घातली आणि निघाले. अकरांतल्या पाच उरल्या होत्या: सुंदराकाकी, ठमाकाकी, हिरूकाकी, चांगुणाकाकी आणि तुळसाकाकी. पाचही जणींच्या दारात उभं राहून मी सांगितलं, की तुझं नाव पुस्तकात छापून येणार, दिवाळीला.

सुंदराकाकी अठ्ठ्याहत्तरची. ती निसत होती ती माठाची भाजी बाजूला ठेवून म्हणाली, "माझं? रेशनकारडावर आलंय तेवढंच. ते पन त्या मेल्यानं चुकीचं लिवलेलं."

"आता बरोबर येईल, काकी."

"मग मी मेल्यावर पन ऱ्हाईल का गं ते?"

"राहील की."

"बघ बरं छाये," ती म्हणाली, आणि भाजी निसायची विसरून माझ्याकडे बघत राहिली.

तीन आठवड्यांनी चारुलताबाईंचा फोन आला. मी भांडी घासत होते. हात पदराला पुसून फोन घेतला.

"छायाताई, कविता फार सुंदर आहे हो. ती ओळ, 'कुणाचा तरी आवाज पहिला उठला', मी अप्पांना वाचून दाखवली. किती सूचक आहे! फक्त एक करायचं का? शेवटची नावं काढूया. तिथं कवितेची हजेरी होते. वाचकाला या बायका माहीत नाहीत, त्याला ती नुसती नावं वाटतील. 'सगळ्या पाठी एकदम वाकल्या' इथं थांबलात तर कविता केवढी मोठी होते बघा. शिवाय एका पानात बसेल."

"म्हणजे सगळीच नावं?"

"सगळीच. दोन ठेवली तर बाकीच्यांवर अन्याय. आग्रह नाही हं. तुम्हाला नको असेल तर यंदा राहू दे, पुढच्या वर्षी दुसरी पाठवा."

पुढच्या वर्षी. सात वर्षं झाली होती.

"चालेल," मी म्हणाले. एवढ्या लवकर मी सासूलाही कधी हो म्हटलं नव्हतं.

वाचकाला माहीत नाहीत म्हणूनच तर लिहायची, हे उत्तर मला राहिलेली कढई घासताना सुचलं. तेव्हा फोन ठेवलेला होता. परत लावता आला असता. मी लावला नाही, कारण परत लावला असता तर त्या म्हणाल्या असत्या, बरं, मग पुढच्या वर्षी बघू.

नम्रताला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, नावं काढून मग राहिलं काय? चिखल?"

"कविता राहिली," मी म्हटलं.

"आणि काकींना काय सांगणार?"

"बघू." मी सरळ तिच्यावर खेकसले. ज्याचं उत्तर नसतं त्याच्यावर मी खेकसते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

अंक दिवाळीच्या आधल्या रविवारी निघाला. कर्जतला हॉलमध्ये प्रकाशन होतं, मी नवी साडी नेसून गेले. खोटं कशाला बोलू, अनुक्रमणिकेत माझं नाव बघितलं तेव्हा मला दुसरं काही आठवलं नाही. 'छाया पिंगळे, लोधिवली, पान ८४.' मी ते पान उघडलं, बंद केलं, परत उघडलं. खाली एक भाताच्या लोंबीचं चित्र होतं. चारुलताबाईंनी माझा हात दाबला आणि एका प्राध्यापकांशी ओळख करून दिली, "या आमच्या नव्या कवयित्री." नव्या! पण मला ते ऐकून इतकं बरं वाटलं, की परतीच्या गाडीत चौक येईपर्यंत मी अंक पिशवीत घातलाच नाही.

चार दिवस मी सुंदराकाकीच्या बाजूला फिरकले नाही. पाचव्या दिवशी तिचाच निरोप आला, तिच्या सुनेकडून, संजनाकडून: "आत्यांनी बोलीवलंय. पुस्तक घेऊन ये म्हनतात."

भाताची कापणी उरकली होती. सुंदराकाकीच्या अंगणात झोडणी चालली होती. ज्यांची शेतं राहिलीत त्यांतली ती एक. दुपारची वेळ, खळ्यावर भाताची रास, आणि ओट्यावर पाचही जणी बसलेल्या. ठमाकाकीला तर नातवानं मोटरसायकलवरून आणून सोडलं होतं. चांगुणाकाकी नवं लुगडं नेसून आली होती.

"वाच," सुंदराकाकी म्हणाली.

मी पान ८४ काढलं आणि वाचलं. छापलेलं चार-पाच श्वासांत संपलं. 'सगळ्या पाठी एकदम वाकल्या.' पुढे लोंबीचं चित्र. त्या वाट बघत होत्या. पाचांतल्या एकीलाही वाचता येत नव्हतं. मी डोळे पानावरच ठेवले आणि पाठ असलेलं म्हणत गेले. आईच्या डावीकडं सुंदरा. सुंदराच्या डावीकडं ठमा. नाव आलं की जिचं तिचं डोकं हलायचं. बायजाचं नाव आलं तेव्हा हिरूकाकीनं पदर डोळ्याला लावला, बायजा तिची सख्खी जाऊ. शेवटी जानकू आली.

मला वाटलं, सुटले.

"कंच्या जागेवर हाय माझं नाव?" सुंदराकाकीनं विचारलं. "दाव. बोट लाव."

मी बोट लावलं. जिथं लागलं तिथं 'चिखलानं' असं छापलेलं होतं.

सुंदराकाकीनं माझं बोट बाजूला करून आपलं लावलं. तिची बोटं भात झोडून खरबरीत झालेली, कागदाला त्यांचा आवाज येत होता. तिनं तो शब्द एकदा डावीकडून उजवीकडे आणि एकदा उजवीकडून डावीकडे चाचपला.

"लांब हाय की गं नाव माझं," ती म्हणाली, आणि हसली.

ते हसणं मला सोसलं नाही. वीस वर्षांत मी एका मामाचं नाव विसरले आणि तेही भर मांडवात नवं कडवं म्हणून भरून काढलं. इथं मी दहा बायकांची नावं जाणूनबुजून गाळली होती, अकरावी माझी आई, आणि वर खोटं वाचून दाखवत होते.

"काकी, ते तुझं नाव नाही," मी म्हटलं. "तुमची कुणाचीच नावं यात नाहीत. त्या बाई म्हणाल्या काढा, आणि मी हो म्हटलं. मला छापून यायचं होतं म्हणून."

खळ्यावर संजना झोडायची थांबली. ठमाकाकीला कमी ऐकू येतं, तिनं हिरूकाकीला विचारलं, काय म्हणते, आणि हिरूकाकीनं तिला मोठ्यानं सांगितलं. म्हणजे ते मला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं.

"मगाशी मंग वाचलंस कुठनं?" चांगुणाकाकीनं विचारलं.

"पाठ आहे मला."

"आनि तुजं नाव हाय का त्यात?"

"आहे."

चांगुणाकाकीनं आपल्या नव्या लुगड्याचा काठ गुडघ्यावर नीट केला.

सुंदराकाकीनं अंक मिटून माझ्याकडे दिला. "लग्नात नाव ऱ्हायलं तर काय करतेस गं तू?"

"परत म्हणते."

"मंग म्हन. आमी उभ्या ऱ्हातो."

तिनं एका हातानं खांब धरला आणि उठली. मग हिरूकाकी उठली, तुळसाकाकी उठली, चांगुणाकाकी सगळ्यांत शेवटी. ठमाकाकीला संजनानं येऊन उभं केलं. सुंदराकाकी ओट्यावरून वाकली, राशीतून मूठभर भात उचललं आणि सगळ्यांच्या हातात थोडं थोडं दिलं. संजनालाही दिलं.

मी अंक ओट्यावर ठेवला आणि म्हणायला लागले. बांधावरून आई उतरली, लुगडं खोचलं. चिखलानं तिला गुडघ्यापर्यंत ओळखलं. कुणाचा तरी आवाज पहिला उठला...

"थांब," सुंदराकाकी म्हणाली. येसाजीमामांनी केला होता तसाच हात तिनं वर केला होता. "कुनाचा तरी म्हंजे?"

"म्हणजे... गाणं कुणीतरी उचलायचं ना काकी. मग सगळ्या म्हणायच्या."

"कुनीतरी नाय गं. पोशी उचलायची. रोज पोशीच उचलायची. तू डावीकडं डावीकडं करत चाललीस मगापासनं. चिमाच्या उजव्या अंगाला कोन व्हती?"

मला एकदम दिसली. कातकरवाडीवरची पोशी. आईच्या उजवीकडं, पाण्याच्या पाटाच्या बाजूला, जिथं पाय जास्त रुततात तिथं. तिचं शेत नव्हतं, म्हणून 'आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे' यात ती धरलेली नव्हती. ती दिवसाच्या शेवटी सुपात भात घेऊन जायची. जेवायला आम्ही बांधावर बसायचो आणि ती पलीकडच्या बांधावर. पण गाणं तिचंच असायचं. मी बांधावर उभी राहून जुड्या फेकायचे त्या तिच्या चालीवर. मला मात्रा कळतात, कुठं थांबायचं ते कळतं, ते मी शाळेत शिकले असं मी सगळ्यांना सांगते. शाळेत नाही शिकले. तिच्याकडून शिकले.

आणि तिच्यावरची ती एकच ओळ त्या बाईंना सगळ्यांत जास्त आवडली होती. किती सूचक, म्हणाल्या होत्या. तिचं नाव चारुलताबाईंनी काढलं नव्हतं. ते मी घातलंच नव्हतं.

"काकी, पोशी आता कुठं असते?"

सुंदराकाकीनं हात खाली घेतला. "कुठं आसनार? करोनात गेली ती. तुला ठावं नाय?"

तालुक्यातल्या प्रत्येक मामाचं, आत्याचं, धाकट्या दिराचं नाव मला पाठ आहे.

"नाय," मी म्हटलं.

"म्हन मंग आता. पाय दुखाया लागले."

पाचही जणी मुठी मिटून उभ्या होत्या. मी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बांधावरून आई उतरली. चिखलानं तिला गुडघ्यापर्यंत ओळखलं. पोशीचा आवाज पहिला उठला.

सुंदराकाकीनं पहिली मूठ टाकली.